उत्तर सांगू की अर्थ?

आमच्या वर्गात एक मुलगा आहे, त्याला सगळे ‘रेडिओ’ म्हणतात. गेल्या वर्षी तो नववीत होता. परिपाठाला इंग्रजी बातम्या तोच वाचायचा. धडा वाचायला कोणाला उठवू म्हटलं की अख्ख्या वर्गाच्या माना त्याच्याकडे वळायच्या. आवाज खणखणीत. कुठे अडखळणं नाही, पूर्णविरामाला थांबणार, प्रश्नचिन्हाला सूर वर नेणार. जुलैतली दुपार होती, बाहेर धो धो पाऊस, वर्गात ओल्या दप्तरांचा वास. त्याने एक उतारा धडाधड वाचून दाखवला. मी खूश. सहज विचारलं, “मग, काय झालं रे यात?”

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा उताऱ्याखालच्या प्रश्नांकडे.

“मॅडम, उत्तर सांगू की अर्थ?”

“दोन्ही सांग.”

उत्तरं सांगितली. चारही बरोबर. अर्थ विचारला तर शांतपणे म्हणाला, “अर्थ तुम्ही अजून लिहून दिला नाही.”

वर्गात कोणी हसलं नाही. यात हसण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटलंच नव्हतं, आणि मला त्याचीच जास्त धास्ती बसली.

मी कोपरखैरण्यातल्या एका मराठी शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. एकोणीस वर्षं झाली. राहते ठाण्यात, कोपरीला. रोज दहा नंबरवरून वाशीची गाडी पकडायची, ऐरोली, रबाळे, घणसोली करत कोपरखैरण्याला उतरायचं. आमच्या शाळेतली बरीचशी मुलं माथाडींची. वडील तुर्भ्याच्या बाजारात, कोणी कांदा-बटाट्यात, कोणी मसाल्यात, कोणी फळ बाजारात. मूळ गाव विचारलं की सातारा नाहीतर जुन्नर. मीही पाटणकडचीच, त्यामुळे पालकसभा कधी कधी सोयरिकीच्या बैठकीसारखी होते.

मी एबीसीडी शिकले ती पाचवीत. तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासूनच असायचं. पहिलीपासून सुरू झालं ते २००० साली. म्हणजे माझी मुलं नववीत येतात तेव्हा त्यांनी आठ वर्षं इंग्रजी केलेलं असतं, मी त्या वयात होते त्याच्या दुप्पट. आणि तरी “अर्थ तुम्ही लिहून दिला नाही.” त्या दिवशी घरी जाताना गाडीत बसायला जागा मिळाली होती, पण माझं लक्ष कशातच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रेडिओचं पुस्तक मागून घेतलं. उघडलं आणि उलगडा झाला. प्रत्येक इंग्रजी ओळीच्या डोक्यावर पेन्सिलने बारीक अक्षरात देवनागरी. ‘वन्स’, ‘देअर’, ‘वॉज’, सगळं, एकही शब्द न सोडता. अक्षर वळणदार, मुलीचं वाटावं असं.

“हे कोणी लिहिलंय?”

“ताईने. तिचंच पुस्तक आहे.”

म्हणजे रेडिओ इंग्रजी वाचतच नव्हता. तो ताईचं अक्षर वाचत होता. आणि ताईने कशावरून लिहिलं? गाईडवरून. मी माझं कोरं पुस्तक त्याच्यापुढे ठेवलं, तोच धडा, तेच पान. पहिले तीन शब्द गेले, चौथ्याला गाडी थांबली. कानामागे घाम आला त्याच्या. मी पटकन पुस्तक मिटलं.

यात त्याचा काय दोष? आपली लिपी प्रामाणिक आहे. ‘क’ला काना दिला की ‘का’, मग तो सोमवारी दिला काय आणि शनिवारी दिला काय. पहिलीतलं मूल वर्षभरात बाराखडी शिकतं आणि समोर आलेलं वाचू लागतं, कळो न कळो. या सवयीचं मूल इंग्रजीकडे येतं. तिथे अक्षरं सव्वीस आणि आवाज चाळीसच्या वर. ओ-यू-जी-एच ही एकच शेपटी, एका शब्दात ‘थ्रू’, दुसऱ्यात ‘दो’, तिसऱ्यात ‘टफ’, चौथ्यात ‘कॉफ’. मग मूल म्हणतं, जाऊ दे, वर मराठीत लिहून ठेवू. मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं. खरं सांगायचं तर केलंही होतं. माझ्या सहावीच्या पुस्तकात ‘नॉलेज’वर मी ‘क्नोवलेडगे’ लिहिलं होतं आणि बाईंनी ते पूर्ण वर्गाला वाचून दाखवलं होतं.

त्यामुळे पेन्सिलबंदी मी केली नाही. रेशनिंग केलं. एका पानावर दहाच शब्दांच्या डोक्यावर लिहायचं. कोणते दहा, ते तुमचं तुम्ही ठरवा. दिवाळीनंतर सात. पहिल्या आठवड्यात मुलांनी बाजारात घासाघीस करावी तशी माझ्याशी केली. “मॅडम, बारा करा ना.” “मॅडम, ‘बिकॉज’ दोनदा आलाय, तो एकच धरायचा ना?” ही घासाघीस मला फार आवडली. कारण दहा शब्द निवडायचे तर उरलेल्यांकडे बघावं लागतं, आणि बघितल्यावर कळतं की त्यातले निम्मे तर येतातच.

पण अक्षराचा प्रश्न सुटला म्हणून अर्थाचा सुटत नाही. कोरं पुस्तक नीट वाचणारी चार-पाच मुलंही होती वर्गात. त्यांना तरी कळतंय का, ते बघायचं होतं. म्हणून मी एक आगाऊपणा केला. ऑगस्टमध्ये एकदा फळ्यावर इंग्रजीत एक वाक्य लिहिलं. उच्चार असा:

‘द पिल्की झॉम ग्रिंटेड थ्री टुफल्स निअर द ब्रॅम.’

खाली तीन प्रश्न. टुफल्स कोणी ग्रिंट केले? किती? कुठे? वहीत उत्तरं लिहा, पाच मिनिटं.

बेचाळीस मुलं. एकेचाळीस जणांची तिन्ही उत्तरं बरोबर. द पिल्की झॉम. थ्री. निअर द ब्रॅम. पूर्ण वाक्यात, कॅपिटल अक्षराने सुरुवात, शेवटी टिंब. एका मुलाचं एक उत्तर चुकलं होतं कारण त्याने ‘थ्री’चं स्पेलिंग चुकवलं. कोणीही, एकानेही, विचारलं नाही की झॉम म्हणजे काय.

अर्थ काहीच नाही, मी आदल्या रात्री पोळ्या लाटताना जुळवलेलं वाक्य होतं ते. मुलांना सांगितलं तेव्हा आधी अविश्वास, मग हशा, मग मागच्या बाकावरून एक आवाज, “मॅडम, पण मार्क तर मिळाले असते ना?”

मिळाले असते. तोच तर घोळ आहे. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, तो सापडला की ते वाक्य उचलून लिहायचं. याला आमच्याकडे ‘वाचन’ म्हणतात. दहावीला लेखी ८० गुणांत पुस्तकातले उतारे आणि बाहेरचा, म्हणजे अनसीन, उतारा दोन्ही येतात. आम्ही शिक्षक जानेवारी-फेब्रुवारीत मुलांना नेमकं हेच शिकवतो: आधी प्रश्न वाचा, शब्द हेरा, खूण करा, उतरवून काढा. मीही शिकवलंय. माझ्या बॅचेसचे निकाल चांगले लागलेत. त्या एकेचाळीस बरोबर उत्तरांत माझ्या हाताचे ठसे होते.

मग नेमकं कुठे अडतं ते बघायला लागले. मोठमोठ्या शब्दांवर अडतं असं सगळ्यांना वाटतं. पालक तर म्हणतात, “मॅडम, स्पेलिंग पाठ करून घ्या, ग्रामर घ्या.” पण माझ्या वह्यांमधून दिसलं ते वेगळंच. एक वाक्य दिलं होतं: ‘द मॅन हू सोल्ड मँगोज टू माय अंकल वॉज इल.’ सगळे शब्द माहीत. निम्म्या वर्गाने लिहिलं, मामा आजारी होता. का? कारण ‘अंकल’ आणि ‘वॉज इल’ शेजारी शेजारी बसलेत. आपण मराठीत म्हणतो, ‘ज्याने मामाला आंबे विकले, तो माणूस आजारी होता.’ आपला ‘जो’ आधी येऊन वर्दी देतो, मग ‘तो’ येतो, क्रियापद शेवटी दार लावून घेतं. इंग्रजीत माणूस आधी येतो, त्याची कुंडली मधे घुसते, आणि क्रियापद कुंडलीच्या पलीकडे उभं. मुलाला वाटतं, ज्याच्या शेजारी उभं त्याचंच ते.

आता आम्ही अशा वाक्यात मधला भाग पेन्सिलने कंसात टाकतो. ‘हू’पासून ‘अंकल’पर्यंत. बाहेर काय उरलं? द मॅन वॉज इल. बस. हे एवढंसं काम, पण पहिल्यांदा केलं तेव्हा एक मुलगी “आयला!” म्हणून ओरडली आणि मग जीभ चावली.

दुसरं अडतं ते सर्वनामांवर. हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. मराठीत ‘ट्रक भिंतीवर आदळला आणि ती पडली’ म्हटलं तर काय पडलं हे शेंबडं पोरही सांगेल. ‘ती’ म्हणजे भिंत, ट्रक ‘ती’ कसा असेल? इंग्रजीत ट्रकही ‘इट’, भिंतही ‘इट’, पाऊस ‘इट’, शाळा ‘इट’. त्यात आपण सर्वनाम गाळलं तरी चालतं. ‘आली, बसली, चहा न घेताच निघून गेली’ यात एकही ‘ती’ नाही, पण बाई आहे हे ‘आली’नेच सांगितलं. इंग्रजीत क्रियापद तोंड उघडत नाही, सगळा भार त्या इवल्याशा ‘शी’वर. आणि मुलं नेमकी असले इवले शब्द सोडून देतात, कारण ते ‘सोपे’. म्हणून आता प्रत्येक उताऱ्यात ‘ही’, ‘शी’, ‘इट’, ‘दे’, ‘विच’ दिसला की त्यापासून मागे बाण काढायचा, ज्याच्याबद्दल आहे त्याच्यापर्यंत. काही पानं बाणांनी अशी भरतात की युद्धाचा नकाशा वाटावा.

आणि तिसरा तो ‘हार्डली’. ‘ही हार्डली वर्क्ड दॅट डे.’ एकतीस मुलांनी लिहिलं: त्या दिवशी त्याने खूप कष्ट केले. खरा अर्थ उलटा, त्याने जेमतेमच काम केलं. चूक तर्काला धरून आहे, ‘हार्ड’ला ‘ली’ लावलं. पण उताऱ्यातला माणूस आळशी म्हणून नोकरी गमावतो, पुढच्याच ओळीत. एकतीस जणांपैकी एकालाही प्रश्न पडला नाही की खूप कष्ट केले तर मालकाने काढलं कशाला. मी विचारलं तेव्हा एक जण म्हणाला, “मॅडम, मालक असतात तसे.” यावर मी काय बोलणार? त्याच्या घरचा अनुभव असेल तो. पण बाकीच्यांचं कारण सरळ होतं. वाक्यं एकमेकांशी बोलतात हे त्यांच्या गावीच नव्हतं. एक वाक्य संपलं की ते गोडाऊनमध्ये टाकलं, पुढचं उचललं.

गोडाऊनवरून आठवलं. माझ्या वाचन शिकवण्यात सगळ्यात मोठा बदल झाला तो एका पालकामुळे. सप्टेंबरच्या सभेला एका मुलाचे वडील बाजारातून थेट आले होते, खांद्यावर रुमाल, शर्टावर कांद्याची टरफलं. मी आपलं नेहमीचं सुरू केलं, घरी इंग्रजी वाचायला बसवा वगैरे. ते म्हणाले, “बाई, मला इंग्रजी येत नाय. पण ट्रकात दोनशे गोणी असल्या तर आपल्या गाळ्याच्या कुठल्या ते लांबनं सांगतो.” कसं? तर मार्का बघून. गोणीवर रंगाने व्यापाऱ्याची खूण असते. माल कुठला, वजन किती, ते नंतर. आधी नजर फक्त मार्का शोधत फिरते, बाकी काही वाचत नाही.

बी.एड.ला आम्हाला ‘स्कॅनिंग’, म्हणजे हवं तेवढंच शोधत नजर फिरवणं, आणि ‘स्किमिंग’, म्हणजे वरवर वाचून सार काढणं, शिकवलं होतं. व्याख्या पाठ होत्या, उदाहरण टेलिफोन डिरेक्टरीचं, जी माझ्या मुलांनी जन्मात पाहिलेली नाही. त्यानंतर आमच्या वर्गात स्कॅनिंगला ‘मार्का बघणं’ म्हणतात. तारीख शोधायची, नाव शोधायचं, किंमत शोधायची, मार्का बघा. आणि गोणी फोडून हात घालून माल बघायचा असेल तर? तो वेगळा प्रकार, त्याला वेळ लागतो, तिथे घाई चालत नाही. कधी मार्का बघायचा आणि कधी गोणी फोडायची एवढं कळलं तरी निम्मी लढाई. त्या आधीच्या पिल्की झॉमला मुलांनी नुसता मार्का बघून तीन गुण कमावले होते.

त्याच मुलासाठी, म्हणजे खरं तर त्याच्या टोळक्यासाठी, मी कांद्यावर एक उतारा स्वतः लिहिला. लासलगावच्या लिलावापासून तुर्भ्यापर्यंत, दोनशे शब्दांचा. त्यात मुद्दाम ‘ऑक्शन’, ‘पेरिशेबल’, ‘कमिशन एजंट’ घातले, एकाचाही अर्थ न सांगता. वर्गातली हुशार मुलगी, जिचे वडील बँकेत आहेत, ती ‘ऑक्शन’ला अडकली. कांदेवाल्यांचं टोळकं, ज्यांना मी मनातल्या मनात मागच्या बाकावरच ठेवलं होतं, ते सुसाट. “मॅडम, ऑक्शन म्हणजे लिलाव, दुसरं काय असणार, भाव वर चाललाय ना.” “कमिशन एजंट म्हणजे अडत्या.” ‘पेरिशेबल’ला जरा थांबले. मग एक जण म्हणाला, “पावसात भिजला तर दोन दिवसांत... नाशवंत!” तो शब्द मराठीत तरी त्याला येत असेल असं मला वाटलं नव्हतं.

अमेरिकेत १९८८ मध्ये असाच एक प्रयोग छापून आला होता. सातवी-आठवीची चौसष्ट मुलं, काही वाचनात पक्की, काही कच्ची. उतारा बेसबॉलच्या खेळावर. बेसबॉल माहीत असलेल्या कच्च्या मुलांना तो खेळ न कळणाऱ्या पक्क्या मुलांपेक्षा जास्त समजला. हे मी वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, त्यावर गुणही मिळवले होते. पण माझ्या डोक्यात शिरलं ते कांद्यामुळे. तोपर्यंत मी ज्यांना ‘वाचनात कच्ची’ म्हणत होते त्यांना मी वर्षानुवर्षं कसले उतारे देत होते? स्विस आल्प्समधली सहल. क्रिसमसची पार्टी. एकदा तर गोल्फ.

कोणी म्हणेल, मग काय जन्मभर कांदाच वाचायचा का? नाही. पण सुरुवात तरी ओळखीच्या मालापासून करावी.

शब्दसंख्येचंही असंच. वाचनावर काम करणारे लोक म्हणतात की कोणाच्या मदतीशिवाय सुखाने वाचायचं तर शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे हवेत. म्हणजे दोनशे शब्दांच्या पानावर अनोळखी फक्त चार. आमच्या दहावीच्या पुस्तकाचं कुठलंही पान माझ्या मुलांसाठी तीस-चाळीसच्या खाली नसतं. म्हणून पाठ्यपुस्तकावर वाचन शिकवणं मला आता तुडुंब वाहत्या ओढ्यात पोहायला शिकवण्यासारखं वाटतं. शिकतात काही जण, नाही असं नाही.

यावर उपाय जुना आहे, आणि तो आपल्याच भागातून गेलाय याची मला गंमत वाटते. मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षक १९२०च्या दशकात ढाक्याला होते, शिक्षकांच्या महाविद्यालयात. त्यांचं म्हणणं असं की बंगालमधल्या मुलांना इंग्रजीत बोलायची वेळ कितीशी येणार? पण वाचता आलं तर ते आयुष्यभर पुरेल. म्हणून त्यांनी मोजक्या, नेहमीच्या शब्दांत लिहिलेली वाचनमाला तयार केली, नवा शब्द आला की तो पुन्हा पुन्हा येईल अशी. पुढे १९५३ मध्ये त्यांनी सुमारे दोन हजार शब्दांची यादी काढली. जगभर सोप्या गोष्टींच्या पुस्तकांची जी चळत दिसते, त्यातल्या बऱ्याच गोष्टींची मुळं तिथे आहेत. ‘बोलायची वेळ येणार नाही’ हे मला पटत नाही, आमची मुलं मॉलमध्ये कामाला लागली की पहिल्या दिवशी बोलावंच लागतं. पण सोप्यापासून आणि भरपूर, हे पटतं.

मग सोपं आणायचं कुठून? प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर म्हणून संकेतस्थळ आहे, फुकट, गोष्टी पातळीनुसार लावलेल्या. मी दुसऱ्या पातळीच्या तीसेक गोष्टी छापून आणल्या, स्टेपल केल्या. मुलांनी चित्रं पाहिली आणि तोंडं वाकडी. “मॅडम, ही बाळांची पुस्तकं.” नववीच्या मुलाला हत्तीच्या पिल्लाची गोष्ट वाचताना कोणी पाहिलं तर त्याची इज्जत काय राहणार! मला हे आधी सुचायला हवं होतं, मला तसाच एक मुलगा घरी आहे.

दोन दिवसांनी मी त्यांना सांगितलं, आपल्या प्राथमिक विभागाला या गोष्टी द्यायच्यात. पण कोणती तिसरीला, कोणती चौथीला, कोणती बादच, हे तपासून द्या. प्रत्येक गोष्टीमागे दोन ओळींचा शेरा, मराठीत. झालं. आता ते बाळांची पुस्तकं वाचत नव्हते, तपासत होते. एकाने शेरा दिला: ‘गोष्ट चांगली पण शेवट आधीच कळतो.’ दुसऱ्याने: ‘यातली आई फार ओरडते, तिसरीला देऊ नये.’ शेवट आधीच कळायला गोष्ट कळावी लागते. मी तो कागद अजून पर्समध्ये ठेवलाय.

या सगळ्याला तासिका कुठून काढल्या विचाराल तर चोरल्या. शनिवारचा शेवटचा तास. मूक वाचन, वीस मिनिटं, मीही माझं पुस्तक घेऊन बसायचे. वर्गात आवाज नाही. शाळेत शांत वर्गाचे दोनच अर्थ निघतात, एक तर परीक्षा चालू आहे नाहीतर बाई गैरहजर आहेत. दोनदा शिपाईमामा डोकावून गेले. नोव्हेंबरनंतर तो तास सराव परीक्षांना गेला, मी भांडून त्यातली दहा मिनिटं परत मिळवली. भांडण अजून संपलेलं नाही.

रेडिओ यंदा दहावीत गेला. पेन्सिल आता पानाला तीन-चार शब्दांवर आली आहे, अक्षर त्याचं स्वतःचं, ताईच्या मानाने फारच गचाळ. गेल्या महिन्यात वर्गावर तपासणी होती. साहेब मागे बसले, म्हणाले, “कोणाला तरी वाचायला सांगा.” सवयीने सगळ्या माना रेडिओकडे वळल्या.

तो उठला. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीत थांबला, ओठ हलले, मागे जाऊन पुन्हा सुरुवात केली. तिसरीत ‘हू’ आला तसं त्याचं बोट पानावर पुढे सरकत गेलं, क्रियापद सापडेपर्यंत, आणि तेवढा वेळ वर्गात नुसती पंख्याची घरघर. मग वाचलं. पुढे एका ‘इट’ला परत मागे गेला. चार ओळींना त्याने दोन मिनिटं घेतली असतील. संपल्यावर पुस्तक खाली ठेवून स्वतःशीच म्हणाला, “म्हणजे त्याने पैसे परत दिलेच नाहीत.” शेजारचा म्हणाला, “दिले रे, खाली बघ.” दोघांची तिथेच जुंपली, कुजबुजत.

तास संपल्यावर साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, “हाच ना तो मुलगा? गेल्या वर्षी परिपाठाला ऐकला होता, काय सुंदर वाचत होता.” मी सांगायला लागले, ताईची पेन्सिल, झॉम, कांदे. पण ऐकायला त्यांना वेळ नव्हता, अजून दोन वर्ग बाकी होते.

लॉगबुकात शेरा आहे: ‘विद्यार्थ्यांच्या प्रकट वाचनाचा सराव वाढवावा. ओघ कमी पडतो.’ खाली माझी सही आहे.